बासष्टपैकी बासष्ट

संशोधनात शंभर टक्के उत्तर आलं की आधी शांतपणे खुर्चीत बसावं, पाणी प्यावं आणि आपण नेमकं काय विचारलं होतं ते पुन्हा वाचावं. फान यूचेनने यातलं काहीच केलं नाही. तिने तक्त्याचा फोटो काढून आईला पाठवला.

फोटोत बासष्ट ओळी होत्या. ताइवानमधल्या युनलिनच्या किनाऱ्यावरच्या साकांग गावात सत्तरी ओलांडलेली आणि घरात एकटी राहणारी माणसं बासष्ट. प्रत्येकाला तिने एकच मुख्य प्रश्न विचारला होता, दुपारचं जेवण झालं का. बासष्टच्या बासष्ट जणांनी सांगितलं होतं, झालं. एक रकाना रिकामा नाही, कुणाचं 'आठवत नाही' नाही. आठवडाभर खाऱ्या वाऱ्यात दारोदार फिरून तिचे ओठ फुटले होते, पण माहिती अशी लख्ख हाती आली होती की ओठांची आग ती विसरून गेली.

तिचं गृहीतक तेवढं आडवं झालं होतं. एकटी राहणारी म्हातारी माणसं दुपारचं जेवण टाळतात, असं ती धरून चालली होती. चुकलं तर चुकलं. गृहीतक खोटं ठरलं म्हणजे संशोधक खोटा ठरत नाही, हे तिच्या विद्यापीठातल्या स्याओ लाओशी, म्हणजे स्याओ बाई, वर्गात इतक्यांदा सांगत की मुलं त्यांच्या पाठीमागे त्याच आवाजात म्हणून दाखवायची. शिवाय म्हातारी माणसं पोटभर जेवतात, ही वाईट बातमी थोडीच होती?

गावप्रमुख हुंगला मात्र ती वाईटच वाटली.

"संपवलंत आम्हाला," तो म्हणाला. "अहो संशोधक बाई, तालुका कचेरीकडे म्हाताऱ्यांसाठी जेवणघर एक, आणि मागणारी गावं तीन. साहेब म्हणाले, गरज सिद्ध करा. मी म्हटलं, करू की, विद्यापीठातून शिकलेली मुलगी येतेय. जेवणघरासाठी कालवं ठेवायची खोली घासून घासून धुतली. वास जात नाही ते सोडा. आणि तुम्ही लिहून देताय की साकांगमध्ये सगळे जेवून ढेकर देतायत!"

"मी नाही म्हणत, तेच म्हणाले."

"बरं. मग हे सांगा." हुंगने टेबलाच्या खणातून एक आरी काढून तिच्यासमोर ठेवली. मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. "गावात कुणाचा पट्टा सैल झाला की तो माझ्याकडे येतो. भोक पाडून द्यायला. गेल्या अख्ख्या वर्षात चार पट्टे टोचले. यंदाचं वर्ष अजून सरायचंय आणि एकोणीस झाले. सगळी भोकं आतल्या बाजूला. पोटभर जेवणारा माणूस पट्टा आवळतो का हो?"

यूचेनने आरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. लहानपणापासून तिला एक खोड होती. दोन गोष्टी एकमेकींशी जुळल्या नाहीत की तिला झोप लागायची नाही, मग त्या गोष्टी स्वतःच्या असोत की दुसऱ्याच्या. बासष्ट आणि एकोणीस. दोन्ही आकडे खरे होते, आणि एका गावात दोघांना जागा नव्हती. अहवाल द्यायला आठ दिवस उरले होते.

ती भाड्याच्या खोलीत गेली, प्रश्नावल्यांचा गठ्ठा पसरला आणि एकेक कागद वाचू लागली. नाव नाही, फक्त क्रमांक. वय. उत्तर: झालं. खाली मुलाखतीची वेळ. ही वेळ लिहायची शिस्त लाओशींनी लावली होती, आणि कशासाठी ते कधी सांगितलं नव्हतं.

क्रमांक सात. दुपारचं जेवण: झालं. वेळ: सकाळी नऊ चाळीस.

तिने डोळे चोळले. क्रमांक आठ, सव्वादहा. क्रमांक एकवीस तर सकाळी सव्वाआठला दुपारचं जेवून मोकळा झाला होता.

तिने लाओशींना फोन लावला. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "प्रश्न कुठल्या भाषेत विचारलास?"

"प्रश्नावली मँडरिनमध्ये होती. पण इथल्या आजी-आजोबांशी ताइवानीत बोललेलं बरं, म्हणून मी बोलताना भाषांतर केलं."

"म्हणून दाखव."

तायपेईत वाढलेल्या यूचेनचं ताइवानी म्हणजे आजीकडून उचललेली दहा-वीस वाक्यं. त्यातलं पहिलं, सगळ्यात पक्कं आणि सगळ्यात गोड वाक्य तिने म्हणून दाखवलं. "च्या पा ब्वे?"

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. लाओशी हसत होत्या.

"अगं, खाऊन पोट भरलं की अजून नाही! गल्लीत भेटलं की म्हणतात ते? बासष्टांना तू नमस्कार घालून आलीस, आणि बासष्टांनी तुला उलटा नमस्कार घातला. त्या भाषांतराचं कुणाकडून उलट भाषांतर करून घेतलं असतंस तर 'कसं काय, बरंय ना' असं परत आलं असतं."

यूचेनचे कान तापले. "पण लाओशी, उत्तर सगळ्यांचं एकच आलं. प्रश्न विश्वसनीय तर होता ना?"

"विश्वसनीय होताच. तुमच्या गावची बस किती वाजता येते?"

"फलकावर दहा लिहिलंय. येते दहा वाजून अकरा मिनिटांनी. रोज."

"रोज अकरा मिनिटं. कधी दहा नाही, कधी बारा नाही. इतकी विश्वासू बस शोधून सापडायची नाही. पण फलक वाचून निघणारा माणूस वाऱ्यात कुडकुडतो की नाही? पुन्हा पुन्हा तेच उत्तर येणं वेगळं, आणि जे मोजायचंय तेच मोजलं जाणं वेगळं. तुझ्या प्रश्नाला वैधता नव्हती. तू भूक मोजायला गेलीस आणि शिष्टाचार मोजून आलीस." फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "आता विचारू नकोस. बघ."

बघायचं कुठे, हे गावानेच तिला दाखवलं. आठवड्यातून तीनदा संध्याकाळी पाचला कचऱ्याची गाडी गाणं वाजवत चौकात येई. गाणं ऐकलं की घराघरांतून माणसं पिशव्या आणि खरकट्याच्या बादल्या घेऊन बाहेर पडत. जो रांधतो त्याच्या बादलीत सालं असणार, देठ असणार, माशाचे काटे असणार. यूचेन खांबाला टेकून उभी राहिली आणि तिने डोळ्यांनीच मोजलं. तिच्या बासष्टांपैकी बादली घेऊन आले बावीस. चाळीस जणांकडे बादलीच नव्हती. तिला इतका आनंद झाला की मागोमाग स्वतःची लाज वाटली.

दोन दिवसांनी बादल्या झाल्या अठ्ठावन्न.

तिने मान लांब करून आत डोकावलं. बादल्यांमध्ये कोबी होता. जवळजवळ सगळ्यांत कोबीच, तोही फक्त बाहेरची जाड, हिरवी, कुणी न खाणारी पानं. चौकातल्या भाजीवाल्याच्या दुकानामागे असल्या पानांचा ढीग असे, आज तो स्वच्छ झाडून नेल्यासारखा गायब होता. शेवटी तिने पाहिलं की तिच्या बासष्टांपैकीच एक असलेली बोंगछी आमा, म्हणजे बोंगछी आजी, शेजारणीच्या बादलीतलं अर्धं खरकटं आपल्या बादलीत घेतेय, आणि दोघी म्हाताऱ्या काही झालंच नाही अशा चेहऱ्याने रांगेत उभ्या आहेत. विद्यापीठातली पोरगी बादल्या तपासतेय, ही बातमी गावभर झाली होती. आपल्या घरी चूल पेटत नाही असं कागदावर जाऊ द्यायला साकांगमध्ये कुणी तयार नव्हतं. ज्याच्यावर आपली नजर आहे हे त्याला कळलं की तो बदलतो, हे यूचेनने परीक्षेत सुवाच्य अक्षरात लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. प्रत्यक्षात ते कोबीच्या पानांच्या रूपात भेटेल असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

अहवालाच्या आदल्या दिवशी ती बोंगछी आमाकडे गेली. आमा चौऱ्याऐंशीची होती. ओसरीवर बुटक्या स्टुलावर बसून ती कालवं फोडत होती. सुरीचं टोक शिंपल्यात घालायचं, मनगट वळवायचं, कालव पातेल्यात, शिंपला ढिगावर. बघणाऱ्याला वाटावं शिंपले आपणहून उघडतायत.

"च्या पा ब्वे?" आमाने मान वर न करता विचारलं.

"पा आ," म्हणजे 'भरलं', असं यूचेन म्हणाली, आणि म्हणताक्षणी थबकली. सकाळपासून तिच्या पोटात चहाखेरीज काही गेलं नव्हतं.

ती धप्पकन पायरीवर बसली. "आमा, मी आत्ता खोटं बोलले."

"मला कळलं की. पोट गुरगुरतंय तुझं, वाऱ्यातसुद्धा ऐकू येतंय."

"मग आपण सगळे असं का म्हणतो? प्रश्नात 'की अजून नाही' आहे ना? मग 'अजून नाही' कुणीच कसं म्हणत नाही?"

आमाने तिच्याकडे पाहिलं. इतक्या शिकलेल्या मुलीला एवढंही ठाऊक नसावं, असं काहीसं त्या नजरेत होतं.

"अजून नाही म्हटलं की विचारणाऱ्याला वाढावं लागतं, पोरी. आणि त्याच्याकडे काय आहे ते तुला काय माहीत? आम्ही लहान होतो तेव्हा इथे रताळ्याचे तुकडे खायचो, भात दिसायचा तो देवाच्या ताटात. विचारणाऱ्याच्या घरीही तेच. त्याने विचारायचं, ही त्याची माया. आपण भरलं म्हणायचं, ही आपली. त्यात खोटं कसलं आलंय?"

आमाने एक शिंपला बाजूला टाकत पुढे विचारलं, "माझ्या नावाचा अर्थ माहितेय तुला?"

"गावाच्या यादीत बाजार असं काहीतरी लिहिलंय."

"ते कारकुनाने नुसतं ऐकून भलत्याच अक्षरांत लिहिलं. ऐकायचं कसं ते ऐक. बोंग-छी. आलीच आहे तर पोसा कशीतरी. घरात तिसरी मुलगी झाली, बापाने तेच नाव ठेवलं. मला कुणी हाक मारली की आधी तेच ऐकू येतं, पोसा हिला कशीतरी. अशा नावाची बाई कधी म्हणेल का, की मला भूक लागलीय?"

हे बोलताना तिचा आवाज जराही हलला नाही, आणि यूचेनला त्याचंच रडू आलं. तिने वही उघडली नाही. हे कुठल्या रकान्यात लिहायचं, तिला ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला ती आणि हुंग तालुका कचेरीत विभागप्रमुख ल्याओंसमोर बसले. ल्याओंनी तक्ता वाचला, मग तिची जोडलेली चार पानं वाचली आणि चष्मा कपाळावर सारला.

"म्हणजे स्वतः गोळा केलेली माहिती तुम्ही स्वतःच खोटी ठरवताय."

"खोटी नाही, साहेब. ती दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे."

"आणि पुरावा काय? कोबीची पानं. आणि," त्यांनी पुन्हा कागदात बघितलं, "एकोणीस कमरेचे पट्टे?"

हुंगने खिशातली आरी चाचपली, पण बाहेर काढली नाही. ल्याओ दुसरी फाइल ओढू लागले. आता हे आपलं ऐकणार नाहीत, हे यूचेनला स्पष्ट दिसलं. तिने आजीकडून उचललेल्या गोड आवाजात विचारलं, "साहेब, च्या पा ब्वे?"

"पा आ, पा आ," ल्याओ फाइलीतून डोकं न काढता म्हणाले.

"काय खाल्लंत?"

ल्याओंचा हात थांबला. टेबलाच्या कडेला प्लास्टिकच्या पिशवीत अंड्याची पोळी पडली होती, गाठ न सोडलेली, गार झालेली. ते पिशवीकडे बघत राहिले, मग यूचेनकडे.

"त्रेसष्टपैकी त्रेसष्ट," यूचेन हळूच म्हणाली.

हुंगला हसू आवरेना. ल्याओही हसले, पण कचेरीतला माणूस हसला म्हणून सही करत नाही. "एक महिना," ते म्हणाले. "प्रयोग म्हणून जेवणघर चालवा. पहिल्या आठवड्याच्या शेवटी मी स्वतः येऊन डोकी मोजणार. पंधरा दिसली नाहीत तर ते दुसऱ्या गावाला जाईल. नंतर बोलायचं नाही."

सोमवारी खोली उघडली. भात, कालवांचं सार, परतलेला कोबी, टोफू. कालवांचा जुना वास होताच, त्यात नव्याची भर पडली. हुंग दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपुलकीने हाका मारू लागला. दुसरी कुठली हाक त्याला येत तरी कुठे होती?

"आगोंग! च्या पा ब्वे?"

"पा आ, पा आ!" आजोबा हात हलवून पुढे गेले.

"काकू, च्या पा ब्वे?"

"कधीच!"

असे सगळे गेले. सोमवारी एकही जण आत आला नाही. मंगळवारी नाही. बुधवारी स्वयंपाकीण, हुंग आणि यूचेन यांनी मिळून जमेल तेवढं खाल्लं, आणि बाकीच्याचं काय करायचं यावर हुंग आणि स्वयंपाकीण भांडले. जेवण तयार होतं, भुकेली माणसं तयार होती, आणि मध्ये दोन शब्द भिंतीसारखे उभे होते. यूचेन रात्रभर तळमळली. विचारून झालं होतं, बघून झालं होतं. आता आणखी काय करतात, हे तिच्या पुस्तकात नव्हतं.

गुरुवारी तिने मुद्दाम काही खाल्लं नाही. बारा वाजून दहा मिनिटांनी ती बोंगछी आमाच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली.

"च्या पा ब्वे?" आमा म्हणाली. सुरी चालूच होती.

"याउ ब्वे," यूचेन म्हणाली. अजून नाही.

सुरी थांबली. शेजारच्या ओसरीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईने वळून पाहिलं. यूचेनने चारचौघांत शिवी दिली असावी तशा दोघी तिच्याकडे बघू लागल्या.

"काय म्हणालीस?"

"जेवले नाही, आमा. कालपासून. भूक लागलीय."

आमा उठली. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू, पण उठली. आत स्वयंपाकघरात जाऊन तिने भाताच्या पातेल्याचं झाकण उचलल्याचा आवाज आला. दारातून दोन पावलं टाकली असती तर पातेल्यात काय आहे ते दिसलं असतं. याच एका गोष्टीसाठी यूचेन तीन आठवडे गावभर नाक खुपसत फिरली होती. ती वळून समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. आत झाकण पुन्हा खाली ठेवलं गेलं.

आमा बाहेर आली तेव्हा तिने डोक्याला रुमाल बांधला होता. "चल," ती म्हणाली. "हुंगने म्हणे भात शिजवून ठेवलाय. बघू तरी तुला वाढतो की नाही."

गल्लीतून जाताना आमाने आवाज चढवला. कालवांच्या बाजारात साठ वर्षं ओरडून कमावलेला आवाज होता तो. "बघा गं बायांनो! विद्यापीठाने पोरगी उपाशी पाठवलीय! कालपासून अन्नाचा कण नाही पोटात! वाळून चिपाड झालीय!"

दारं उघडली. बायका बाहेर आल्या. कुणी म्हणालं, तरीच तोंड उतरलंय. कुणी म्हणालं, तायपेईच्या मुली अशाच, आई लक्ष देत नाही. एका आजोबांनी काठी उचलली आणि हिला कोण जेवू घालतं ते बघायला तेही निघाले. खोलीशी पोचेपर्यंत मागे वीस-बावीस माणसं होती आणि यूचेनला कुठे तोंड लपवावं कळत नव्हतं. लाओशी इथे असत्या तर म्हणाल्या असत्या, अगं, तू निरीक्षक होतीस ना, आता तूच प्रयोगातली चल राशी झालीस. म्हणोत बापड्या.

आमाने स्वतःच्या हाताने तिचा वाडगा भरला, वर सार ओतलं, आणि तो तिच्यासमोर आपटून ठेवला. "जेव."

यूचेनने जेवायच्या काड्या उचलल्या नाहीत. हुंग पळी घेऊन उभा होता. आमा रिकाम्या हाताने टेबलाशी उभी होती, आणि हुंगच्या तोंडातून सवयीने तेच निघालं.

"आमा, च्या पा ब्वे?"

सगळी खोली आमाकडे बघत होती. तिचे ओठ आपोआप 'पा'साठी मिटलेले सगळ्यांना दिसले. मग तिने एकदा यूचेनकडे पाहिलं, एकदा भाताच्या मोठ्या पातेल्याकडे पाहिलं.

"याउ ब्वे," ती म्हणाली. चौऱ्याऐंशी वर्षांत पहिल्यांदाच म्हणत असावी, कारण आवाज मोठा निघाला नाही. "अजून नाही. मीही नाही."

हुंगने वाडगा भरला. तिच्या मागे उभ्या असलेल्या आजोबांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले.